आत्याच्या डब्यातली कारली

माझ्या सख्ख्या आत्याने माझ्या बाबांना चाळीसेक वर्षं भाऊबीजेला ओवाळलं नाही.

कारण एक सिनेमा.

आज सकाळी ती गेली. मुलुंडला, तिच्या घरी, झोपेतच.

बऱ्याच जणांना माहीत नसेल, बँकेत कारकून असलेल्या माझ्या बाबांनी ऐंशीच्या दशकात एका मराठी सिनेमाचे डायलॉग लिहिले होते. कॉमेडी. नवऱ्याचं बाहेर लफडं, घरात गोंधळ, शेवटी सगळे एका पंगतीत. तेव्हा तसलेच चालायचे.

त्याच्या आदल्या वर्षी आत्या आमच्या घाटकोपरच्या घरी येऊन खूप रडली होती. मी तिथेच अभ्यास करत बसले होते.

काका, म्हणजे तिचे यजमान, डब्यात रोज जास्त भाजी मागायचे. ही कौतुकाने भरून द्यायची. मग कळलं, ऑफिसातली एक बाई त्यांच्या डब्यात जेवते. नुसती जेवत नाही, हेही कळलं.

"दादा, मी दोघांचा डबा भरत होते रे. कारली दिली की तशीच परत यायची. तिला आवडत नसणार."

बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कुणाला सांगणार नाही म्हणाले.

आणि सांगितलं. अख्ख्या महाराष्ट्राला.

फर्स्ट शोला आम्ही सगळे एका रांगेत. पडद्यावरची बायको नवऱ्याच्या हातात डबा देते आणि म्हणते, "आज कारली आहेत हं. तिला सांगा, टाकायची नाहीत."

टॉकीजमध्ये नुसता हशा. शिट्ट्या. काका आधी हसले, मग एकदम गप्प झाले.

इंटरव्हलला आत्या पर्स घेऊन बाहेर पडली. बाबा मागे धावले.

"अगं सुमे, नाव बदललंय ना मी!"

"नावच बदललंस. कारली तशीच ठेवलीस."

भावाचा सिनेमा म्हणून तिची अख्खी बिल्डिंग बघून आली. लोक काय येडे नसतात. जिन्यात बायका विचारायच्या, आज काय भाजी? वाट लागली बिचारीची.

त्या भाऊबीजेला बाबा मला घेऊन मुलुंडला गेले. खालूनच दिसलं, आत्या गॅलरीत ताट घेऊन उभी.

चंद्राला ओवाळत होती. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात ना, तसं.

तिने खाली पाहिलं. बाबांना पाहिलं. आणि ओवाळणं पुरं केलं.

"चल," बाबा म्हणाले. जिना चढलेच नाहीत.

मला अजून वाटतं, चढायला हवं होतं. दार वाजवायचं, पाय धरायचे, काहीही करायचं यार.

दुसरा सिनेमा चालून आला, तर नाही म्हणाले. पुढे लग्नाकार्यात दोघं भेटायचे. "जेवलास?" "हो." बस्स.

काकांना मात्र तिने माफ केलं. त्यांचं ते प्रकरण मिटलं, संसार शेवटपर्यंत नीट झाला. एकदा न राहवून मी विचारलंच तिला.

म्हणाली, "त्यांनी फसवलं ते मी एकटीने सोसलं. दादाने त्यावर लोकांना हसवलं गं."

आज आत्याच्या मुलाचा, नितीनचा फोन आला तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "माझं नाव काढलं का रे तिने?"

नितीन खोटं बोलू शकला असता.

"नाही, मामा. पण साडी तुम्हालाच आणायचीय."

बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची घालतात. आणि आत्याचं माहेर म्हणजे आता फक्त बाबा.

दुकान नुकतंच उघडत होतं. दुकानदाराने सहज विचारलं, "ताईंना कुठला रंग आवडतो?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. त्यांना माहीत नव्हतं. मलाही नाही.

हिरवी घेतली.

मुलुंडला घर माणसांनी भरलेलं. बाबांनी साडी तिच्या अंगावर घातली, पदर नीट केला.

आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "सुमे, चुकलो गं मी."



आत्या, आमच्या सगळ्यांचा तुला शेवटचा नमस्कार.