वरवंटा नेला नाही

या ग्रुपवर मी आले ती हसायला. खोटं कशाला बोलू! तुमचे पिंपळाखालच्या आणि हायवेवरच्या भुतांचे किस्से मी डबा खाताना वाचायची आणि ऑफिसात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. माझे बाबा रेल्वेत होते, मीही दुर्गला रेल्वेच्याच ऑफिसात आहे. गाडी उशिरा आली तर तिला कारण असतं आणि ते कारण लिहून द्यावं लागतं, अशा घरात मी वाढले. आज ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं. मला हे एकदा लिहून टाकायचंय.

आम्ही भिलाईचे. नवरा स्टील प्लांटमध्ये, रोलिंग मिलला. मूळचे भंडाऱ्याकडचे शेतकरी, पण आता शेतीतलं फक्त बोलणं उरलंय. लग्न झाल्यापासून आम्ही सेक्टरमधल्या एकाच क्वार्टरमध्ये राहिलो. तळमजला, दोन खोल्या, मागे आंगण आणि आंगणात ह्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली एक विटांची खोली. रिटायरमेंट जवळ आली तसं भिलाईला लागूनच कुरुदला घर बांधलं, आणि या मे महिन्यात शिफ्टिंग ठरलं.

घर बांधताना झाली नाहीत तेवढी भांडणं सामान बांधताना झाली. माझा नियम साधा होता... वर्षभर ज्याला हात लागला नाही, ते नवीन घरात येणार नाही. ह्यांचा नियम त्याहून साधा— सगळंच येणार! गंजलेले नटबोल्ट, पातं मोडलेला टेबलफॅन, दोरी नसलेली मच्छरदाणी. काहीही विचारा, "कामी पडते" हे एकच उत्तर. त्यांना मुळात जायचंच नव्हतं. मागची खोली क्वार्टर परत करण्याआधी पाडून द्यायची होती. ड्युटीवरून आले की घण घेऊन ते त्या भिंतींवर असे तुटून पडायचे, की मला भिंतीची दया यायची.

शेवटी गाडी पाटा-वरवंट्यावर अडली. पाटा मधोमध तडकला होता. मिक्सर येईपर्यंत मी त्याच्यावरच वाटलं, पण आता तो दगड तिकडे नेऊन करायचं काय?

"पाटा राहू दे," हे म्हणाले, "पण वरवंटा नेऊ. जुईच्या बारशाले पाळण्यात आधी त्यालेच निजवलं होतं. मोठा भाऊ होय तो तिचा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात ठेवतात. त्याला गोप्या म्हणतात. काही वाईट यायचं असेल तर ते आधी त्याच्यावर यावं, असा हिशेब. जुई आम्हाला लग्नानंतर फार उशिरा झाली, एकुलती एक, त्यामुळे शेजारच्या बायकांनी त्या गोप्याचे जरा जास्तच लाड केले होते. काजळसुद्धा घातलं होतं त्याला.

"मोठा भाऊ ना? मग कॉलेज कोणतं त्याचं?" मी म्हटलं.

जुई खो खो हसली. "मम्मी, तू भी ना!"

हे हसले नाहीत.

हातोडी कुठल्यातरी कार्टनमध्ये पॅक होऊन गेली होती. म्हणून लाकडी खोक्यांना खिळे ठोकायला मी तोच वरवंटा घेतला. जुनं शोकेस फोडायलाही तोच. त्याच्या एका टोकाचा टवका उडाला. काम झाल्यावर मागच्या दारातून नालीकडे भिरकावून दिला. संध्याकाळी ह्यांनी उचलून आणला, धुऊन ओट्यावर ठेवला. मी परत फेकला. मी हट्टाला पेटले की माझं मलाच आवरत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी कपबशांचं कार्टन दाराशी आणायला उचललं, तर आत काही खुळखुळलं नाही. सर्र असा आवाज आला, रवा चाळल्यासारखा. टेप जशीच्या तशी. कापून उघडलं, तर आत वर्तमानपत्राच्या घड्या शाबूत आणि त्यांच्या पोटात पांढरं पीठ! कपाचा एक कान सापडेल तर शपथ. खोकं पडलं असतं तर तुकडे झाले असते ना? हे तर वाटलेलं होतं... बारीक, चटणीसारखं.

"उंदीर असतील," जुई म्हणाली. उंदीर कप कुरतडतही नाहीत, दळत तर नाहीतच. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"मले कावून पाहून राहिली?" हे म्हणाले.

मग कपाटाचा आरसा. दोन चादरींत गुंडाळून भिंतीला टेकवलेला. चादरीची गाठ सोडली आणि काचेची भुकटी माझ्या पायांवर सांडली. पाय रक्ताळले. मी इतकी ओरडले की शेजारचे बाहेर आले. मला वाटलं, नवऱ्याने नवीन घराचा राग सामानावर काढलाय. दुसरं काय वाटणार? घरात हातात घण घेऊन फिरणारा माणूस एकच होता.

इथपर्यंत वस्तूंचं होतं. वस्तू परत घेता येतात.

त्याच दिवशी दुपारी जुई आतल्या खोलीत झोपली होती. मी समोरच्या खोलीत गठोडी बांधत होते. ती किंचाळली ना... तसं किंचाळणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. धावत गेले तर ती उजव्या हाताने डावा हात धरून गादीवर लोळत होती. डाव्या हाताची बोटं चपटी झाली होती. खरोखर चपटी. नखांखालून रक्त येत होतं. आणि मागचा घणाचा आवाज थोड्या वेळापूर्वी थांबला होता, हे मला त्या क्षणी आठवलं.

हॉस्पिटलमध्ये एक्स-रे पाहून डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेतलं. "सच बताइए, घर में मारपीट होती है क्या? हे पडून झालेलं नाही. काहीतरी जड, हातावरून पुढे-मागे फिरवलंय. एकदा नाही."

जुई म्हणत होती, खोलीत कोणी नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, घाबरलेल्या मुली असंच म्हणतात.

घरी आलो. जुईला गोळी देऊन निजवलं, दार लोटलं आणि मी ह्यांच्यावर धावून गेले. हातात लोखंडी उलथणं होतं. मारलं... दंडावर, पाठीवर, कपाळावर. कपाळ फुटलं. रोज घण चालवणारा माणूस, मला एका हाताने बाजूला करू शकला असता. नुसता उभा राहिला.

"मार," म्हणाले. "अजून मार. पण पोरीले मी हात लावन का वं? तुले असं वाटते?"

मला तसंच वाटत होतं. मी त्यांना सांगितलं, उद्या संध्याकाळी माझा भाऊ दुर्गच्या पद्मनाभपुरातून गाडी घेऊन येतो, मी जुईला घेऊन जाते, आणि आधी पोलिसात जाते. सकाळी हे कपाळाला पट्टी लावून फर्स्ट शिफ्टला गेले. मी दारांना कड्या घातल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या घरात नवरा नसल्याचं बरं वाटलं.

भर दुपारची वेळ. बाहेर ऊन रणरणत होतं. जुई पलंगावर टेकून बसली होती, डावा हात प्लास्टरमध्ये. मी तिला वरणभात भरवत होते. घास तोंडाजवळ नेला आणि ती एकदम मागे आडवी पडली, कोणीतरी खांद्याला धरून पाडल्यासारखी.

"मम्मी... छातीवर..."

तिचा कुर्ता छातीवर दबला होता. दिसत काहीच नव्हतं. पण तो दाब सरकत होता— गळ्याकडे, मग पोटाकडे, परत गळ्याकडे. तिच्या तोंडातून भात बाहेर आला, मग हवाच येईना. ओठ काळे पडायला लागले. मी ताट फेकलं आणि दोन्ही हात तिच्या छातीवर घातले.

हाताला दगड लागला.

थंड, ओला, गोल. दोन्ही टोकं माझ्या मुठीत बरोबर बसली. त्याने मी वर्षानुवर्षं मिरच्या, लसूण, खोबरं वाटलं होतं, माझ्या हातांना तो ओळखायला डोळे लागत नाहीत. एका टोकाला उडालेला टवका होता, माझाच. मी जीव खाऊन मागे ओढलं, पण तो मलाच ओढत होता. माझे हात त्याच्याबरोबर पुढे-मागे होत होते. म्हणजे माझ्याच हातांनी मी माझ्या पोरीला... पुढचं लिहिता येत नाही.

मी हात सोडवले आणि मागे धावले. जुईला तशीच सोडून गेले. तेवढं अंतर कसं पार केलं, मला माहीत नाही. कडी काढली. आंगणात पडक्या भिंतीच्या विटा, घण, आणि नालीजवळ तो पडलेला. पडलेला नव्हता! जागच्या जागी, चिखलात, पुढे-मागे सरकत होता.

काही लोक म्हणतील, हात जोडायचे होते. हळदकुंकू लावायचं, क्षमा मागायची. मला सुचलंच नाही. मला फक्त संताप आला होता. माझ्या लेकराच्या छातीवर बसतोस? मी घण उचलला. एरवी तो मला जागचा हलत नाही, तो मी डोक्यावर घेतला.

तेव्हा आवाज आला. घरातून नाही. माझ्या पायाजवळून.

"आई, मले कावून सोडून राहिली?"

लहान बाळाचा नव्हता तो आवाज. तरण्या पोराचा होता, घसा फुटून जाड झालेला. जुईहून जरा मोठा असावा तसा. आमच्यासारखाच बोलत होता. आणि रडवेला नव्हता... खरंच विचारत होता. मला कोणी आई म्हणत नाही हो. जुई मम्मीच म्हणते. त्या घरात ती हाक मी पहिल्यांदा ऐकली.

मी घण घातला.

पहिल्या घावाला तो चिखलात रुतला. दुसऱ्याला दुभंगला. त्यानंतरही मी मारत राहिले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. हातांची सालं निघाली, दगडाची कपची गालात घुसली, मी ओरडत होते आणि मारत होते. आतून जुईने मोठ्याने श्वास घेतल्याचा आवाज आला, तेव्हा घण हातातून पडला.

ती वाचली. छातीवर गळ्यापासून पोटापर्यंत काळानिळा पट्टा उमटला होता, तो पुढे हळूहळू गेला. बोटंही सुधारली, एक तेवढं वाकडं राहिलंय.

हे शिफ्टवरून आले. भाऊ अजून यायचा होता. मी दारातच त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, जुईला पाहिलं, मग मागे आंगणात गेले. तुकडे आणि भुगा गमछ्यात गोळा केला, स्कूटर काढली, शिवनाथ नदीवर जाऊन आले. आल्यावर आंगणातल्या नळाखाली कपड्यांसकट अंघोळ केली आणि त्या रात्री जेवले नाहीत. आपल्याकडे अशी अंघोळ कधी करतात, ते सांगायला नको.

आम्ही कुरुदला राहायला आलो. घर छान आहे, हवा येते. सामान सगळं नीट पोहोचलं. कारण शोधायचा मी खूप प्रयत्न केला. जुईने झोपेत हात कशात तरी अडकवला असेल, मला उन्हाने भ्रम झाला असेल. पण कपांचं पीठ भ्रमाने होत नाही, आणि तो एक्स-रे मी अजून अधूनमधून काढून बघते. तुमच्यापैकी कोणाकडे कारण असेल तर सांगा, मी हसणार नाही.

पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा घण उचलीन, याबद्दल मला शंका नाही. एका लेकराला वाचवायचं होतं आणि मी वाचवलं. पण हे ड्युटीवर असतात, जुई कॉलेजला, आणि घर शांत असतं, तेव्हा मला राहून राहून एकच वाटतं. मारण्याआधी, एकदा तरी, मी त्याला ओ द्यायला हवी होती.