पुलीवरची पांढरी रेघ

आमच्या घरात फोटोंपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. बाबा तरुणपणी ती स्वतः लिहायचे आणि वरठीला कारखान्याच्या फाटकाशी वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्याच जाड मथळ्यांवर. अजूनही कुठे काही पटलं नाही की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो, तो मी चारचौघांत भाषणासारखा ऐकवते, विचार मागून येतो.

बाबा धान कापायच्या हार्वेस्टरवर ऑपरेटर आहेत. मशीन तुमसरच्या एका मालकाची. हंगामात ग्रीस, ऑइल, फिल्टर माझ्याकडे. इंजिनाचे सहा सिलिंडर एका ओळीत, म्हणून आतला फिरता दांडा, क्रँक, लांबलचक. प्रत्येक स्फोटाला तो किंचित पिळला जातो. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर हे पीळ एकमेकांवर चढतात आणि वरून ठणठणीत दिसणारा क्रँक आतून तडकतो. ते पीळ जिरवायला क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या पुलीच्या मधल्या भागावर रबर असतं आणि त्यावर जड लोखंडी कडं. रबर थकलं की कडं सरकतं. ते कळावं म्हणून बाबांनी मधल्या भागापासून कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारली होती. रेघ मध्येच मोडलेली दिसली की मशीन उभी. रोज सकाळी ते मला एवढंच विचारायचे, "रेघ सरळ आहे ना?"

दसऱ्याला मालकाने इंजिनाला हार घातला, पुलीवर कुंकवाची पाच बोटं ओढली. बाबा म्हणाले होते, "त्याची पूजा त्याले करू दे. तू हात नोको लावू." पण माझ्या डोक्यात मथळा तयार होता, 'यंत्राला कुंकू कशाला?' मी दुसऱ्याच दिवशी डिझेलचा बोळा घेऊन सगळं खसाखसा पुसलं. कुंकवाबरोबर रेघही गेली. ती आधी सरळ होती की सरकलेली, हे मी पाहिलंच नव्हतं. पट्टी धरून नवी मारली आणि गप्प बसले.

मग सिहोऱ्याकडची कापणी आली. त्या दिवशी दुपारीच आभाळ भरलं. गावातल्या एका मावशीच्या बांधीची, म्हणजे धानाच्या तुकड्याची, पाळी होती. ती सकाळपासून धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, बसून होती. मालकाचा फोन आला, वेग वाढवा, पाण्याआधी संपवा.

"रबर चांगलं असन तर घंटाभर चालन," बाबा म्हणाले. "रेघ?"

"सरळ आहे."

रेघ सरळच होती. मीच तर मारली होती. मशीन बांधीत उतरली, वेगाचा काटा नेहमीच्या आकड्याच्या वर गेला आणि मला धुऱ्यावर उभं राहवेना. दोन पावलं इकडे, दोन तिकडे. आवाजात एक बारीक थरथर मिसळली. बाबा इंजिनाकडे पाठ करून वर बसलेले, त्यांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. मी धानातून धावत पुढे गेले आणि हात पसरून उभी राहिले.

बाबांनी वेग उतरवला, वाकून विचारलं, "काय झालं?"

"रेघ मीनं मारली आहे. कुंकू पुसताना जुनी गेली."

"कधी?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्यांनी इंजिन थोडा वेळ हळू चालू ठेवलं, मग बंद केलं. उतरून रबराला पेचकस लावला. झिजलेल्या रबराचा काळा भुगा हातावर आला. त्यांनी तो मला दाखवला नाही, पँटला पुसला.

धुऱ्यावरचा एक जण म्हणाला, "काकाजी, पोरीले मशीनवर कायले आणता? भाषणं देते तेच बरं आहे."

"तिनं थांबवली म्हणून खाली उतरलो, भाऊ," बाबा म्हणाले. मग मावशीकडे वळले. "ताई, नवी पुली उद्या येते. आज नाही चालवत."

"अन् माह्या धानाचं काय?"

मावशीने सुनेला विळे आणायला पाठवलं. एक मीही घेतला. अर्धी बांधी कापून होईतो पाऊस आला आणि उरलेलं धान आमच्यासमोर आडवं झालं. मावशीने माझ्या हातातला विळा परत घेतला आणि सुनेबरोबर निघाली. ती मला ओरडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी नवी पुली बसली. बाबांनी रेघ स्वतः मारली. ग्रीस, ऑइल, फिल्टर अजून माझ्याकडेच आहेत. पण रेघेचं ते मला विचारत नाहीत. रोज सकाळी गुडघ्यावर हात टेकून वाकतात, पाहतात आणि माझ्या शेजारून जाऊन मशीनवर चढतात.