राघोत्तमाला रडवणारं गाणं

चेन्नईत वेलचेरीच्या विद्यालक्ष्मीकडे दर शुक्रवारी ओळखीच्या तंजावरी मराठी बायका गाण्याला जमत. देवाची गाणी आटोपली की कुणीतरी म्हणायचंच, "अक्का, आता कपलाचं." कपल म्हणजे जहाज. तिच्या आजीचा धाकटा भाऊ राघोत्तम जहाजात बसून मलायात पिनांगला गेला, त्याचं ते गाणं:

कपलात बसला राघोत्तम, वळून पाहीना,
पिनांगात रडतो आता, जीव राहीना.

घरातलं कुणी परदेशी गेलं की राघोत्तमाच्या जागी त्याचं नाव घालायचं, अशी रीत. मात्र जाणारा घरात असेतो ते गाणं तोंडातून काढायचं नाही.

विजयेंद्राला मेलबर्नची नोकरी लागली आणि विद्यालक्ष्मीने ते गाणं बंद केलं. नवरा गेल्यापासून घरात हा एक मुलगा आणि ती. 'जाऊ नकोस' हे शब्द ओठांपर्यंत येत, आणि ती त्याला आणखी एक डोसा वाढी.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता तो म्हणाला, "अम्मा, कपलाचं म्हण ना. फोनमध्ये घेऊन ठेवतो."

"अपशकुन, कण्णा."

"मग मीच म्हणतो."

राघोत्तमाच्या जागी स्वतःचं नाव घालून त्याने ते आपल्या मोडक्या मराठीत म्हटलं. आधी हसत होता. 'जीव राहीना' पुरं झालंच नाही. तो बॅगेशेजारी फरशीवरच टेकला.

"अम्मा, मी जाऊ नको?"

एवढंच ऐकायला ती इतके दिवस थांबली होती. आता नुसतं गप्प राहिलं असतं तरी पुरे होतं.

"राघोत्तम रडला नाही रे," ती म्हणाली. "कापडाचं दुकान टाकलं, लग्न केलं. फोटोत चांगला गुबगुबीत दिसतो. रडल्या त्या इथल्या बायका. गाणं त्यांनीच रचलं."

"म्हणजे खोटं?"

"रडणं खरं. फक्त त्याच्या डोळ्यांत घातलं." तिने बॅगेत डोकावलं. "ऊठ. चटणीपुडीला अजून एक पिशवी घाल, शर्टांना वास लागेल."

तो गेल्यानंतरच्या शुक्रवारी बायकांनी कपलाचं धरलं. नावापाशी येऊन साऱ्या तिच्याकडे बघत थांबल्या.

"विजयेंद्र म्हण की गं, अक्का," शेजारची सुनंदा म्हणाली.

"का म्हणून? काल फोनवर हसत होता तो." विद्यालक्ष्मीने पदराने डोळे टिपले. "रडायचं काम राघोत्तमाचं. त्याला सवय आहे."

आणि तिने सूर उचलला.