लवंगीच्या पाठीवरची गाठ

साताऱ्याहून नागपूरला निघालो तेव्हा माझी कंबर धरलेली होती आणि बायकोचा हुकूम होता, "ताईकडे चालला आहात, तिथे कंबर-कंबर करत बसू नका." ताई म्हणजे तिची थोरली बहीण. ताईंचे यजमान, माझे साडू बापूराव, एका रायडिंग क्लबात घोडेस्वारी शिकवत. त्या घरात दुखण्याला मान मिळतो, पण त्यासाठी चार पाय असावे लागतात, हे मला पोचल्यावर कळले.

स्टेशनवर उतरलो तर थंडी मी म्हणत होती आणि माझा स्वेटर होल्डॉलच्या तळाशी. बापूराव घ्यायला आले होते. पन्नाशी ओलांडलेले, मिशांना पीळ, पाठ ताठ.

"या साडभाऊ! काय म्हणते प्रवास?"

माझा हात आपोआप कमरेकडे गेला. बापूराव म्हणाले, "आमच्या लवंगीचीबी पाठ धरली आहे," आणि पुढे घरापर्यंत लवंगीच.

सायकलरिक्षात मी डावीकडे बसलो, ते उजवीकडे. पहिल्याच वळणावर ते माझ्यावर रेलले आणि तसेच राहिले. माणूस मायाळू आहे, असे मी मनात म्हटले. सीताबर्डी मागे पडेपर्यंत त्या मायेने माझी घडी करून रिक्षाच्या कडेला ठेवली होती.

लवंगी ही क्लबाची तपकिरी घोडी. बापूराव तिच्यावर टेंट पेगिंग खेळत. म्हणजे घोडा भरधाव सोडायचा आणि उजवीकडे वाकून जमिनीत ठोकलेली खुंटी भाल्याच्या टोकावर उचलायची. काही हिवाळे या जोडीने गाजवले होते. यंदा मात्र खुंटी जवळ आली की लवंगीची चाल तुटायची. डॉक्टरांना काही सापडले नव्हते. येत्या रविवारी सामने होते, आणि तेव्हाही ती अडखळली तर क्लबची कमिटी तिला काढून टाकणार होती. ताईंनी हे मला पोहे वाढता वाढता, हळू आवाजात सांगितले. पोह्यांवर तर्री (हरभऱ्यांचा झणझणीत रस्सा) होती. डोळ्यांत पाणी आले ते लवंगीसाठी, असा ताईंचा समज झाला आणि मी तो मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी लवंगीच्या खुराकासाठी जवस आणायला आम्ही इतवारीच्या बाजारात गेलो. हातगाड्यांच्या गर्दीत रिक्षा तासभर तुंबली. पुन्हा डावीकडे मी, पुन्हा माझ्यावर बापूराव. आता मी माया मोजायचे सोडून बरगड्या मोजू लागलो.

संध्याकाळी तबेल्यात मालिश. मला वाटले होते तेल लागेल; पण इथे सगळे कोरडे काम. बापूरावांची मुलगी सुमन, कॉलेजात जाणारी आणि बापासारखीच घोड्यावर पक्की, गवताचा वळलेला बोळा घेऊन घोडीच्या मांडीवर तालात थापत होती. मग बापूराव तळहात टेकवून, सगळे अंग झुकवून, पाठीचा कणा सोडून कडेकडेने दाबत गेले. लवंगीचा खालचा ओठ लोंबू लागला.

"मी करून पाहू?" मी म्हणालो. लवंगीने शेपटी मारून माझा चष्मा कोंड्यात पाडला.

सुमन हसली. "काका, कणीक मळून राहिले का तुम्ही? हात नका रेटू, अंगाचा भार द्या."

बापूरावांनी माझा तळहात खोगिराच्या जागेमागे, डाव्या बाजूला ठेवला. कातडीखाली सुपारीएवढी टणक गाठ होती.

"रोज सांजेले मोकळी करतो," ते म्हणाले. "सकाळी सवारी केली का वापस हजर. काहून येते, समजूनच नाही राहिलं."

मी चष्मा पुसत म्हणालो, "रिक्षातल्यासारखे तिच्यावरही डावीकडे रेलता की काय? माझीही एक बरगडी अशीच झाली आहे."

मी गंमत केली होती. पण सुमनचा बोळा थांबला.

"बाबा, उजव्या कुल्ह्यावर भार देता येत नाही ना तुम्हाले?"

"कोन म्हनते?"

"आई म्हनते. पायऱ्या चढताना पाहून राहिली ती तुम्हाले."

बापूरावांचा हात पुन्हा गाठीवर गेला. ज्या हाताने ते ती रोज विरघळवत, त्याच हाताखाली ती आता त्यांना वेगळी लागत असावी.

"खुंटी उजवीकडं, अन् मी बसतो डावीकडं," शेवटी ते घोडीच्या मानेला म्हणाले. "धावशील तरी कशी वं?"

मग सुमनकडे न पाहता, "रविवारी तू बस."

"बाबा, पण..."

"मालिश मी करीन. तेवढं तर येते मले."

त्यानंतर रोज सकाळी सुमन लवंगीवर बसली आणि रोज संध्याकाळी बापूराव मालिश करत राहिले. शनिवारी फेरफटक्यानंतर त्यांनी गाठ चाचपली, पुन्हा चाचपली. "तुम्ही पाहा साडभाऊ." मी भार देऊन हात फिरवला. काहीच लागले नाही. लवंगीने लांब सुस्कारा सोडला आणि मागचा एक पाय सैल टाकला.

रविवारी पहिल्या धावेत सुमनचा भाला मातीत घुसला. दुसऱ्या धावेत खुंटी टोकावर आली आणि मैदान ओरडले. बापूरावांनी टाळी वाजवली नाही. "दोन्ही वेळा सरळ गेली," एवढेच म्हणाले. कमिटीतले एक गृहस्थ येऊन "घोडी राहू द्या हो" म्हणाले, तेव्हा ते मिशी पुसत बराच वेळ दुसरीकडे पाहत होते.

परतीच्या दिवशी संत्र्यांची करंडी मांडीवर घेऊन मी रिक्षात डावीकडे बसलो. बापूराव अंग चोरून, उजवा दांडा घट्ट धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा जबडा आवळायचा.

"रेला, बापूराव."

"तुमची कंबर कशी आहे, साडभाऊ?"

"लवंगीच्या पाठीपेक्षा दणकट आहे. रेला."

ते रेलले, आणि आम्ही तसेच स्टेशनपर्यंत गेलो.

साताऱ्यात बायकोने करंडी उतरवता उतरवता विचारले, "तिकडे कमरेचे काही बोलला नाहीत ना?"

"मी नाही बोललो," मी म्हणालो. "त्यांनीच विचारले."