चिखलदऱ्याला ठराव घेऊन जाणाऱ्यांसाठी

थंड हवेच्या ठिकाणी अधिवेशन भरलं की तालुक्यातले नवे शिक्षक मला विचारायला येतात, काय न्यावं, कसं जावं. मी एवढंच सांगतो : ठराव मांडायचा असेल तर एक दिवस आधी पोचा आणि पुढाऱ्यांबरोबर जाऊ नका. हवा खायला जात असाल तर कसेही जा.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं शिक्षकांचं अधिवेशन मे महिन्यात चिखलदऱ्याला ठरलं. विषय, खेड्यातलं शिक्षण. त्यासाठी डोंगर कशाला, असं मी विचारलं, तर जिल्ह्याचे अध्यक्ष म्हणाले, तिथं डोकं थंड राहतं.

माझी शाळा वरवट बकालच्या पुढे चार मैलांवर. एक खोली, चार वर्ग. पाचवीला वरवटला जावं लागे. मुलगे जात. वाटेत नाला होता, त्याला पावसाळ्यात छातीभर पाणी, म्हणून मुलींना कोणी पाठवत नसे. मी पाच वर्षांचे पट काढून मोजलं होतं. चौथी पास झालेल्या मुली एकोणीस, पाचवीत गेलेली एकही नाही. त्या वर्षी विसावी माझी स्वतःची मुलगी होती. घरून, म्हणजे बायकोकडून, स्पष्ट सांगण्यात आलं होतं, "नाल्यापल्याड मी पोरीले धाडत नाही. तुमाले वर्ग आणता येत असंन तं आना."

म्हणून मी ठराव लिहिला : लहान गावांत मुलींसाठी पाचवीचा वर्ग द्यावा. शिक्षण खात्यातले वरचे साहेब अधिवेशनाला येणार होते. त्यांच्यासमोर ठराव वाचला गेला असता तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावंच लागलं असतं.

मग सूचनापत्रक आलं. त्यात तेरा सूचना होत्या. लोकरी कपडे आणावेत. अंथरूण, ताट, वाटी आणावी. धुकं दिसल्यास घाबरू नये. ठराव पहिल्या दिवशी पाच वाजेपर्यंत द्यावेत. आणि अकरावी सूचना अशी की सर्व प्रतिनिधींनी बुलढाण्याला जमावं, तिथं हजेरी होईल आणि मग एकत्र निघावं.

नकाशा कोणीही पाहावा. चिखलदरा आमच्या पूर्वेला. तेल्हारा, अकोट, परतवाडा करत मी एका दिवसात पोचलो असतो. बुलढाणा उलट दिशेला, साठ मैल. मी तसं पत्र लिहिलं, मैल मांडून दाखवले. उत्तर आलं की शिस्त सर्वांना सारखी. मी आयुष्यभर पोरांची हजेरी घेतलेला माणूस. गेलो बुलढाण्याला.

बस सकाळी सहाला निघायची होती, ती दहाला निघाली. अध्यक्षांचा कोट शिंप्याकडून यायचा होता. मे महिन्यात लोकरीचा कोट, आणि त्याच्यासाठी बेचाळीस शिक्षक चार तास उन्हात. बुलढाणा आधीच टेकडीवर, तिथल्या मंडळींना थंडीतलं आपल्यालाच कळतं असं वाटतं. दुपारी बस अकोटला थांबली, तेव्हा माझ्या शेजारचा मास्तर म्हणाला, "काऊन हो गुरुजी, इथून तुमचं गाव दिसते काय? हात तं दाखवा घरच्याइले." सगळे हसले. तो खरं तेच बोलला होता, साठ मैल उलटे जाऊन मी पुन्हा माझ्याच वाटेला लागलो होतो.

पाच वाजता आम्ही परतवाड्यात चहा पीत होतो. अध्यक्षांना घाटात चक्कर येईल म्हणून विश्रांती चालली होती. दिवेलागणीला वर पोचलो. टेबलावरच्या कारकुनानं माझा कागद घेतलाच नाही. अध्यक्षांना म्हटलं, तुम्ही सांगा. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी देऊ ना गुरुजी, पाचवी काय पळून चालली?"

दुसऱ्या दिवशी सकाळभर पुढारी दरी पाहत हिंडले. खुली बैठक उरकायला त्यांना वीस मिनिटं पुरली. त्यात स्वागत, आभार आणि अध्यक्षांचा कोटातला फोटो. शेवटी मी उभा राहिलो आणि एकोणीसचा आकडा सांगायला लागलो. व्यासपीठावरच्या साहेबांनी विचारलं, ठराव दिलाय का? मी म्हटलं, "पाचले द्याचा होता, पाचले आमची बस खालीच होती." माझ्या बोलीला आधी हशा आला. साहेब म्हणाले, मग बसा. मी बसलो. पोरांना मी अजून बसा म्हणतो, तेव्हा ते आठवतं.

घरी आलो तर मुलगी दारातच होती.

"बाबा, पाचवी आनली काय?"

"नाही."

आत जाऊन तिनं दप्तर खुंटीवरून काढलं आणि आईच्या हातात दिलं, धाकट्याच्या उपयोगी पडेल म्हणून. एवढ्या मोठ्या अधिवेशनात इतक्या सरळपणे कोणी काही दिलं-घेतलं नव्हतं.

मी ते दप्तर परत मागून घेतलं. जूनमध्ये चौथीच्या मागच्या भिंतीशी सहा मुली बसवल्या आणि पाचवीची पुस्तकं वरवटहून आणली. मासिक पत्रकात खोटं लिहिलं नाही : पाचवी, पट सहा, मंजुरी नाही. दिवाळीनंतर तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला, वर्ग त्वरित बंद करावा. मी खाली सही केली, शेरा वाचल्याची. दुसऱ्या दिवशी पाचवीला अपूर्णांक होते, ते घेतले.