चोपणातला गहू

दिनांक ११ डिसेंबर २०२४ रोजी सोलरवाल्यांच्या माणसाने बन्सीधरच्या ओसरीवर एकवीस हजार पाचशे रुपये बयाणा ठेवला. साक्षीला सोसायटीचा सचिव म्हणून मी होतो. पैसे त्याच्या बायकोने, नर्मदाबाईंनी उचलून कपाटात ठेवले. बन्सीधर तेवढा वेळ अंगणात फेऱ्या मारत होता.

कालव्याखालचं त्यांचं एकरभर रान कंपनीला तीस वर्षांच्या भाड्याने हवं होतं. वाटणीत धाकट्या भावाला, योगीराजला वरचं काळं रान गेलं आणि बन्सीधरला हे आलं. कालव्याचा पाझर मुरून मुरून ते चोपण, म्हणजे क्षारपड झालं. उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं, पावसाळ्यात पाणी तसंच तुंबून राहतं. त्यात बन्सीधरने गहू पेरला होता आणि गहू पिवळा पडला होता.

सातबारा दोघा नवरा-बायकोच्या नावावर. नर्मदाबाईंनी स्पष्ट सांगितलं, "संक्रांतीपोत्तर गहू हिरवा झाला तर रान ऱ्हाऊ द्या. न्हाई झाला तर म्या सही करनार. तीस वर्षं बसून खाऊ."

"बसून?" बन्सीधर म्हणाला, आणि फाटकाबाहेर निघून गेला.

बन्सीधरला बसलेला पाहिलेली माणसं गावात थोडी. लग्नात तो कायम वाढपी, कारण वाढप्याला बसावं लागत नाही. देवगाव फाट्यावर एसटीला उशीर झाला की तो सेलूच्या रस्त्याने चालू लागतो आणि एसटी मागून येऊन त्याला गाठते. पेरणीआधी पारावर कृषी विभागाची बैठक झाली. साहेब म्हणाले, चोपणात गव्हाला नत्र नेहमीपेक्षा पाव पटीने जास्त लागतं. एवढं ऐकून हा उठला आणि थेट सोसायटीत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. युरियाची पावती मीच फाडली. नर्मदाबाई मात्र शेवटच्या चहापर्यंत बसून होत्या.

बयाण्यानंतर तर त्याचा पाय घरात ठरेना. कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने निरोप दिला की उद्या चारीला, म्हणजे आमच्या रानांकडे येणाऱ्या फाट्याला, पाणी सुटणार. आमच्याकडे पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी युरिया फेकून ठेवायची पद्धत आहे. पाणी आलं की खत मुरतं. काळ्या रानात ते चालून जातं. बन्सीधरने सकाळीच अर्धं पोतं ओल्या चोपणावर उधळलं. मग ऐन पाळीच्या दिवशी वर कुठे तरी चारी फुटली आणि पाणी आलंच नाही.

तिसऱ्या दिवशी मी देवगाव फाट्यावरून येताना तो बांधावर येरझाऱ्या घालताना दिसला. नर्मदाबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. रानात रात्रभर बंद ठेवलेल्या गोठ्यासारखा उग्र वास येत होता.

"डोळे झोंबायलेत," बन्सीधर म्हणाला.

"झोंबतीलच. खत उडून चाललंय तुमचं."

"तुला कुनी सांगितलं?"

"बैठकीतल्या सायबानं. चोपणात युरिया वर पडून ऱ्हायला की हवेत जातो. थोडा थोडा टाका, पानी वाफ्याच्या दारात आल्यावरच टाका, असं म्हनले व्हते. तुमी पयलंच वाक्य घेऊन पळालात."

"मग इतके दिवस कामून सांगितलं न्हाई?"

नर्मदाबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं. "मला सही करायची व्हती," त्या म्हणाल्या. "पर असं घाण्याच्या बैलावानी फिरताना बघवंना. जा, सूर्यभानला पानी मागा. फुटलेली चारी बुजवलीय, त्याच्यापोत्तर आलंय."

चारीवर सूर्यभानचं रान बन्सीधरच्या वर. चारीचं पाणी मातीचं दार धरून आपल्या रानात वळवत तो हरभऱ्याला देत होता. बन्सीधर धापा टाकत पोचला, मागून मीही.

"सूर्यभान, दीड तास दे. आत्ताच दे."

"बसा की, बन्सीभाऊ."

"बसायला टाइम न्हाई."

"मंग पानी बी न्हाई. गावात पैज लागलीय तुमच्या बसन्यावर. सचिवसायब, तुमी साक्षीदार."

बन्सीधर बांधावर टेकला. गुडघा हलतच होता. सूर्यभानने थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला, तो संपेपर्यंत हलू दिलं नाही, मग हसत हसत दार मोडून पाणी खाली सोडलं. "फेडायचं बरं का, दीड तास!"

"फेडतो," बन्सीधर पळता पळता ओरडला.

उरलेलं अर्धं पोतं त्याने त्या पाण्यावर आणि पुढच्या दोन तुटपुंज्या पाळ्यांवर, असं तीनदा करून टाकलं. वाफ्याच्या तोंडाशी पाणी दिसल्याशिवाय मूठ उघडायची नाही, असं नर्मदाबाईंनी बजावलं होतं, आणि त्या स्वतः बांधावर उभ्या राहत होत्या. त्या दिवसांत तो रात्री दचकून उठायचा आणि बॅटरी घेऊन गव्हाचा रंग बघायला जायचा. बॅटरीच्या उजेडात सगळाच गहू पिवळा दिसतो, म्हणून आणखी घाबरायचा.

संक्रांतीला नर्मदाबाई वाण देऊन परस्पर रानात गेल्या. सगळे बांध फिरल्या. खालचा कोपरा पांढराच होता, तिथे काही उगवलं नव्हतं. बाकीचा गहू हिरवा होता. योगीराजच्या गव्हाइतका नाही.

"ह्याला हिरवा म्हनायचं का?" त्यांनी विचारलं.

"कोपरा सोडून," बन्सीधर म्हणाला.

त्या कोपऱ्याकडे पाठ करून घराकडे निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोलरवाल्याला बोलावून बयाणा परत केला. तो हिशेब चुकता झाला.

त्यानंतरही चारीला दोन पाळ्या आल्या, दोन्ही अपुऱ्या. म्हणून सूर्यभानचं दीड तासाचं पाणी बन्सीधरकडे अजून बाकी आहे.