पडद्याआडून आलेला वास

आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात, हे तुम्हाला माहीतच आहे. चौकटीला नुसता पडदा. बाहेर कोणी सिगारेट ओढली की धूर सरळ चुलीपर्यंत येतो.

आज सकाळी भाकरी थापताना तसाच वास आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, किती वेळा सांगायचं? लांब जाऊन ओढा."

पडद्यामागून अनोळखी आवाज आला. "चुकलं मावशी. घरात कोनी हाय असं वाटलं न्हाई." दर्शनाला आलेल्या गाडीचा ड्रायव्हर होता. सिगारेट विझवून तो खोकत निघून गेला.

यांना जाऊन वर्ष झालं. फुफ्फुसाचा कॅन्सर. शेवटी हेही असेच खोकायचे.

ड्रायव्हरचं थोटूक उचलायला बाहेर गेले, तर उंबऱ्याशेजारच्या मोगऱ्याच्या मातीत यांची जुनी थोटकं दिसली. वर्षभर पाणी घातलं, शेणखत घातलं, तरी कुजलेली नाहीत.

तुमच्या घरात कोणी ओढत असेल, तर आज त्यांच्याशी भांडाल का? मी आयुष्यभर भांडले, आणि आत आलेला धूर जावा म्हणून दर वेळी पडदा बाजूला बांधून ठेवायचे.

आज नाही बांधला.